क्लीव्ह्ड कॅस्पेज-३ची अँटिबॉडी: पेशी गोळा करण्यापासून बँड वाचण्यापर्यंत

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी सलग तीन महिने कोरे ब्लॉट काढले. (ब्लॉट म्हणजे जेलवर आकाराप्रमाणे वेगळी केलेली प्रथिनं मेंब्रेनवर उतरवून त्यातलं हवं ते अँटिबॉडीने शोधणं.) औषध दिल्यावर पेशी मरताना सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसायच्या. आक्रसलेल्या, गोल झालेल्या, अंगावर फोड आल्यासारख्या. ब्लॉटवर मात्र १७ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं माप) जागी काहीच नाही. अँटिबॉडी खराब निघाली असं धरून मी दुसरी मागवली. तिचंही तेच. शेवटी शेजारच्या प्रयोगशाळेतल्या एक ताई माझं काम बघायला येऊन उभ्या राहिल्या आणि दुसऱ्याच मिनिटाला त्यांनी माझा हात धरला. पेशी गोळा करायच्या आधी मी प्लेटवरचा मीडिया (पेशी ज्यात वाढतात तो द्रव) टाकाऊच्या बाटलीत ओतत होते. मरणाऱ्या पेशी प्लेटची पकड सोडतात आणि मीडियात तरंगतात. मला ज्या पेशी हव्या होत्या त्याच मी रोज फेकत होते आणि उरलेल्या धडधाकट पेशींना मरणाचा पुरावा मागत होते.

नव्याने हे काम हाती घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. पेशीमरणाचा अभ्यास करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेत ही अँटिबॉडी असते, पण ती नेमकं काय ओळखते हे समजून न घेता वापरली जाते. ते एकदा नीट समजलं की पुढची प्रत्येक पायरी का घ्यायची हे आपोआप कळतं.

ही अँटिबॉडी काय पाहते?

पेशी स्वतःहून, शिस्तीत मरते त्या प्रक्रियेला अपॉप्टोसिस म्हणतात. केर, वायली आणि करी यांनी १९७२ साली हे नाव दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ पानगळ. या मरणात शेवटचा घाव घालणाऱ्या एन्झाइमांपैकी कॅस्पेज-३ हे मुख्य. निरोगी पेशीत ते असतंच, पण झोपलेलं. माणसाच्या कॅस्पेज-३ची साखळी २७७ अमिनो आम्लांची आहे आणि जेलवर ती ३२ ते ३५ किलोडाल्टनच्या आसपास दिसते. मरणाचा निरोप आला की कॅस्पेज-८ किंवा कॅस्पेज-९ ही साखळी १७५व्या जागेवरच्या अ‍ॅस्पार्टिक आम्लानंतर कापतं. मोठा आणि लहान असे दोन तुकडे होतात. मोठ्या तुकड्याच्या पुढच्या टोकाला एक छोटं शेपूट उरतं, तोवर तो १९ किलोडाल्टनचा असतो. मग कॅस्पेज-३ स्वतःच ते शेपूट तोडतं आणि १७ किलोडाल्टनचा तुकडा उरतो. लहान तुकडा १२चा. दोन मोठे आणि दोन लहान तुकडे मिळून काम करणारं एन्झाइम तयार होतं.

‘क्लीव्ह्ड’ कॅस्पेज-३ची अँटिबॉडी १७५व्या जागेवर कापल्यामुळे उघडं पडलेलं टोक ओळखते. साखळी अखंड असताना ते टोक अस्तित्वातच नसतं. म्हणून ही अँटिबॉडी ३५ किलोडाल्टनचं झोपलेलं कॅस्पेज पाहत नाही, फक्त १७ आणि १९चे तुकडे पाहते. तिची सगळी किंमत या एका गुणात आहे. तिच्यामुळे होणारे बहुतेक गैरसमजही इथूनच निघतात.

विकत घेताना

कॅटलॉगमध्ये तीन प्रकारची नावं दिसतील: ‘कॅस्पेज-३’, ‘अ‍ॅक्टिव्ह कॅस्पेज-३’ आणि ‘क्लीव्ह्ड कॅस्पेज-३’. पहिलं नाव असलेली बहुतेक वेळा अखंड साखळीही पकडते. दुसऱ्या नावाखाली काहीही असू शकतं. नावावर जाऊ नका. माहितीपत्रक उघडा आणि ही अँटिबॉडी कोणत्या पेप्टाइडविरुद्ध बनवली आहे ते वाचा. १७५व्या अ‍ॅस्पार्टिक आम्लाला लागून असलेला पेप्टाइड असेल तर तुम्हाला हवी ती हीच.

पॉलिक्लोनल आणि मोनोक्लोनल दोन्ही मिळतात. मी रॅबिट मोनोक्लोनल (एकाच पेशीवंशातून येणारी) घ्या असंच सांगते. पॉलिक्लोनल ही एकेका सशाच्या रक्तातून येते, त्यामुळे लॉट बदलला की वागणूक बदलू शकते. तीन वर्षं चालणाऱ्या पीएचडीत ते परवडत नाही. मोनोक्लोनलमध्ये ५ए१ई हा क्लोन फार वापरला गेलेला आहे. त्याच्याबरोबर केलेलं काम भरपूर छापून आलेलं असल्यामुळे तुलना सोपी जाते.

मागवायच्या आधी एवढं तपासा: तुमच्या प्राण्याच्या पेशींवर ती चालते का, ब्लॉटसाठी तपासली आहे का, आणि कॅस्पेज-३ नसलेल्या पेशींवर ती गप्प राहते हे कंपनीने दाखवलं आहे का. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. अँटिबॉडी खात्रीची आहे हे ठरवायचे पाच मार्ग २०१६ साली एका आंतरराष्ट्रीय कार्यगटाने मांडले. त्यात जीनच काढून टाकलेल्या पेशींवर अँटिबॉडी तपासणं हा एक आहे. पुढे वाचाल तसं दिसेल की आपल्याला ही चाचणी घरच्या घरीच करता येते.

आल्यावर ठेवताना

पार्सल शनिवारी दुपारी येऊन सोमवारपर्यंत गेटवर पडून राहणं आपल्याकडे नवीन नाही. पाठवणाऱ्याला आधीच सांगा की मंगळवार ते गुरुवारमध्येच पोहोचवा, आणि गेटवरच्या माणसांनाही डब्यात काय आहे ते सांगून ठेवा. आल्यावर बर्फ किंवा जेलपॅक कोणत्या अवस्थेत होता ते वहीत लिहा.

बाटलीत ५० टक्के ग्लिसरॉल असेल तर अँटिबॉडी उणे २० अंशांवरही द्रवच राहते. तिचे छोटे भाग करायची गरज नाही, उलट ते केल्याने थोडीथोडी वाया जाते. ग्लिसरॉल नसेल तर मात्र १० ते २० मायक्रोलिटरचे भाग करून गोठवा, म्हणजे पुन्हापुन्हा वितळणार नाही. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर वापरू नका. बर्फ साचू नये म्हणून तो अधूनमधून आतली हवा गरम करतो. उघडण्याआधी बाटली दहा सेकंद फिरवून घ्या. झाकणाला चिकटलेले थेंब खाली येतात.

कंट्रोल आधी, प्रयोग नंतर

तुमच्या औषधाचा नमुना जेलवर चढवण्याआधी हे पाच नमुने हाताशी असू द्या. यांच्याशिवाय काढलेल्या ब्लॉटवर माझा विश्वास बसत नाही.

१. औषध न दिलेल्या हेला पेशी (गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून आलेल्या), पण औषध ज्यात विरघळवलं त्या डीएमएसओसह.
२. स्टॉरोस्पोरिन (पेशींना हमखास मरायला लावणारं रसायन) दिलेल्या हेला पेशी. १ मायक्रोमोलर, ४ तास. १ मिलिमोलरचा साठा डीएमएसओमध्ये करून ठेवला तर मीडियाच्या दर मिलिलिटरला १ मायक्रोलिटर पुरतो आणि डीएमएसओ ०.१ टक्क्यावर राहतो.
३. तेच, पण एक तास आधी २० मायक्रोमोलर झी-व्हॅड-एफएमके दिलेल्या पेशी. हे कॅस्पेजांना अडवतं.
४. औषध न दिलेल्या एमसीएफ-७ पेशी.
५. स्टॉरोस्पोरिन दिलेल्या एमसीएफ-७ पेशी.

एमसीएफ-७ का? स्तनाच्या कर्करोगातून आलेल्या या पेशींच्या कॅस्पेज-३ जीनमध्ये ४७ बेसची एक जागा गळलेली आहे. १९९८ साली हे उघड झालं. त्यामुळे त्यांच्यात कॅस्पेज-३ बनतच नाही. जीन काढून टाकलेल्या पेशी विकत घ्यायला मोठा खर्च येतो, पण हा कंट्रोल निसर्गानेच तयार करून ठेवला आहे. पुण्यात गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या साठ्यातून हेला आणि एमसीएफ-७ दोन्ही मागवता येतात.

इथे एक बारकावा आहे आणि तो मला फार आवडतो. एमसीएफ-७ पेशींचा नमुना कोरा आला तर कोणीही विचारेल, ‘पेशी मेल्याच नसतील तर?’ म्हणून त्याच ब्लॉटवर पार्प तपासा. पेशी मरताना कॅस्पेज हे प्रथिन कापतात. अखंड पार्प ११६ किलोडाल्टनचं, कापल्यावर ८९चं. एमसीएफ-७मध्ये कॅस्पेज-३ नसलं तरी कॅस्पेज-७ आहे आणि तेही पार्प कापतं. या पेशी सावकाश मरतात, तेव्हा पार्प कापलेलं दिसेपर्यंत त्यांना जास्त वेळ द्या. ८९चा बँड आला आणि १७च्या जागी काही नाही, म्हणजे मरण झालं आणि तुमची अँटिबॉडी नसलेलं काही दाखवत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच लेनमध्ये सिद्ध झाल्या.

पेशी गोळा करणं

आता माझी तीन महिन्यांची चूक टाळा.

मीडिया काढून १५ मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये ठेवा. प्लेट पीबीएसने (पेशींना न दुखावणारं खारं बफर) हलकेच धुवा, ते पाणीही त्याच ट्यूबमध्ये. उरलेल्या चिकटलेल्या पेशी स्क्रेपरने किंवा ट्रिप्सिनने काढा आणि त्याही त्यात घाला. ३०० जीवर ५ मिनिटं, ४ अंशांवर फिरवा. वरचं पाणी सावकाश काढा, कारण मेलेल्या पेशींचा गोळा सैल असतो, पटकन उचकटतो. मग थंड पीबीएसने एकदा धुवा. हे धुणं टाळू नका. मीडियातल्या सीरमचं अल्ब्युमिन राहिलं तर प्रथिनाचा आकडा फुगतो आणि प्रत्यक्षात लेनमध्ये पेशींचं प्रथिन कमी चढतं.

वेळही महत्त्वाची आहे. कापलेलं कॅस्पेज-३ कायम टिकत नाही. पेशी पुढे फुटतात आणि आतलं सगळं बाहेर गळतं. २४ तासांनी ब्लॉट कोरा असेल तर कदाचित घटना ६ तासांवरच घडून गेली असेल. नवीन औषध असेल तर २, ४, ८, १६ आणि २४ तास असे नमुने एकदा घ्याच. मेहनत आहे, पण पुढचे महिने वाचतात.

लायसेट

लायसेट म्हणजे पेशी फोडून मिळालेला द्रव. गोळ्यावर बर्फात थंड केलेला, पेशी फोडणारा रिपा बफर घाला. १० सेंटीमीटरच्या प्लेटला १०० ते १५० मायक्रोलिटर पुरे. प्रोटीएज इन्हिबिटर घाला, पण कॅस्पेज रोखण्यासाठी त्याच्यावर विसंबू नका. नेहमीचं कॉकटेल इतर प्रोटीएजसाठी असतं. म्हणून सगळं बर्फावर, आणि भराभर. २० मिनिटं बर्फात ठेवून १४,००० जीवर १५ मिनिटं फिरवा. लायसेट शेंबडासारखं ताणलं गेलं तर ते डीएनए आहे. दोनतीनदा थोडंथोडं सोनिकेशन करा.

प्रथिन मोजायला बीसीए ही चाचणी घ्या. रिपामधल्या डिटर्जंटमुळे ब्रॅडफर्ड या दुसऱ्या चाचणीचा आकडा चुकतो. मोजून झाल्यावरच डीटीटी (प्रथिनांतले बंध तोडणारं रसायन) असलेला सॅम्पल बफर घाला, कारण डीटीटी बीसीएला बिघडवतं. ९५ अंशांवर ५ मिनिटं. लायसेट शक्यतो त्याच दिवशी सॅम्पल बफरमध्ये उकळून ठेवा. उकळल्यावर कॅस्पेज काही कापू शकत नाही.

जेल आणि ट्रान्सफर

१७ किलोडाल्टन हे लहान प्रथिन आहे. ही गोष्ट विसरल्यामुळे जितके ब्लॉट वाया जातात तितके क्वचितच दुसऱ्या कशाने जात असतील. १० टक्क्यांच्या जेलवर ते रंगाच्या रेषेजवळ जाऊन पसरतं किंवा जेलबाहेर पडतं. १५ टक्के जेल घ्या. पार्पही त्याच जेलवर हवं असेल तर ४ ते २० टक्क्यांचा ग्रेडियंट. लेनमागे ३० ते ४० मायक्रोग्रॅम प्रथिन. मार्करमध्ये १०, १५, २० आणि २५चे बँड असायलाच हवेत. स्टॅकिंगमधून ८० व्होल्टवर, पुढे १२०वर चालवा आणि निळी रेषा तळापासून साधारण सेंटीमीटरभर वर असताना थांबवा.

ट्रान्सफरसाठी ०.२ मायक्रॉनचं पीव्हीडीएफ मेंब्रेन. ०.४५ मायक्रॉनच्या छिद्रांतून लहान प्रथिनं आरपार निसटतात. कपाटात कोणतं आहे ते डब्यावर वाचून खात्री करा, दोन्ही दिसायला सारखीच. मेथॅनॉलमध्ये मिनिटभर भिजवा. ट्रान्सफर बफरमध्ये २० टक्के मेथॅनॉल. वेट ट्रान्सफर १०० व्होल्टवर ६० मिनिटं, टाकीत बर्फाचा ठोकळा घालून. पहिल्यांदा करत असाल तर मेंब्रेनच्या मागे दुसरा तुकडा लावा. त्यावर लहान प्रथिनं सापडली तर वेळ कमी करा.

मग पॉन्सो एस, म्हणजे मेंब्रेनवरची सगळी प्रथिनं गुलाबी करणारा रंग. सगळ्या लेन सारख्या गुलाबी दिसल्या पाहिजेत. याचा फोटो काढून ठेवा. लोडिंग कंट्रोल (प्रत्येक लेनमध्ये सारखंच प्रथिन चढल्याचा पुरावा) म्हणून बरेचजण फक्त बीटा-अ‍ॅक्टिन लावतात, पण काही पेशींमध्ये अ‍ॅक्टिनही कॅस्पेजांकडून कापलं जातं. मरणाच्या प्रयोगात पॉन्सोचा फोटो जास्त प्रामाणिक साक्षीदार आहे. जीएपीडीएच लावणार असाल तर एवढंच लक्षात ठेवा की ते ३७वर येतं आणि अखंड कॅस्पेज-३ अगदी त्याच्या शेजारी.

मेंब्रेन २५च्या थोडं वर आडवं कापलं तर खालची पट्टी क्लीव्ह्ड कॅस्पेज-३साठी आणि वरची पार्पसाठी वापरता येते. पट्टीला अँटिबॉडीही निम्मीच लागते. कापण्याआधी पूर्ण मेंब्रेनचा फोटो घ्या.

अँटिबॉडी लावणं

ब्लॉकिंग, म्हणजे मेंब्रेनच्या मोकळ्या जागा झाकणं, ५ टक्के स्किम्ड मिल्क पावडर घातलेल्या टीबीएसटीमध्ये (धुण्याचं बफर), एक तास. दुकानातला डेअरी व्हाइटनर आणू नका, त्यात साखर असते. टीबीएसटीत ट्वीन-२० चं प्रमाण ०.१ टक्के.

पहिली अँटिबॉडी १:१०००, ५ टक्के बीएसए (गाईचं अल्ब्युमिन) घातलेल्या टीबीएसटीमध्ये, ४ अंशांवर रात्रभर हलत्या रॉकरवर. २.५ मिलिलिटरला २.५ मायक्रोलिटर. खोलीच्या तापमानाला दोन तासांत उरकण्याचा मोह होईल. पुण्यामुंबईच्या एप्रिलमध्ये ‘खोलीचं तापमान’ ३५ अंश असतं, तेव्हा नकोच.

ही द्रावणं बरेच जण पुन्हा वापरतात. आपल्याकडे अँटिबॉडी महाग आहे, मीही वापरते. ०.०२ टक्के सोडियम अझाइड घाला, ट्यूबवर तारीख आणि कितवा वापर ते लिहा, आणि तिसऱ्यानंतर थांबा. अझाइड एचआरपीला (दुसऱ्या अँटिबॉडीवर लावलेलं, बँड उजळवणारं एन्झाइम) मारतं, म्हणून नंतरच्या धुण्यात हयगय नको आणि दुसऱ्या अँटिबॉडीत ते चुकूनही नको.

टीबीएसटीने १० मिनिटं, तीनदा. दुसरी अँटिबॉडी, एचआरपी लावलेली अँटि-रॅबिट, १:५००० पासून सुरुवात, एक तास. पुन्हा तीनदा धुणं. ईसीएल (एचआरपीमुळे उजळणारं द्रावण) घालून आधी १० सेकंद, मग ३० सेकंद, २ मिनिटं, ५ मिनिटं असे फोटो. बँड मोजायचे असतील तर पिक्सेल संपृक्त न झालेलाच फोटो घ्या. काळाकुट्ट बँड डोळ्यांना सुखावतो, पण त्याचा आकडा खोटा असतो.

बँड वाचताना

स्टॉरोस्पोरिनच्या लेनमध्ये १७ आणि १९ असे दोन बँड दिसतील, कधी एकमेकांना चिकटून. डीएमएसओची लेन कोरी किंवा जेमतेम. कल्चरमध्ये काही पेशी नेहमीच मरत असतात, तेवढी पुसट रेघ चालते.

झी-व्हॅडच्या लेनमध्ये १७चा बँड गेला पण १९चा थोडा राहिला, तर घाबरू नका. वरून आलेला पहिला घाव काही प्रमाणात पडला, पुढचं शेपूट तोडणं अडलं, असं ते सांगतं. एक्सआयएपी हे कॅस्पेजांना रोखणारं प्रथिन जास्त असलेल्या पेशींमध्येही १९चा बँड असाच साचतो. दोन बँडांचं आपापसातलं प्रमाण म्हणजे वाचण्याजोगी माहिती आहे. दोन्ही मिळून एकच आकडा काढणारे ती फुकट घालवतात.

सगळंच कोरं आलं तर प्रश्न या क्रमाने विचारा. पॉन्सोवर १५च्या आसपास प्रथिन दिसलं होतं का? नसेल तर ट्रान्सफर. स्टॉरोस्पोरिनची लेनही कोरी आहे का? मग गोळा करण्यात किंवा अँटिबॉडीत दोष. पार्प कापलेलं आहे का? असेल तर पेशी मेल्या आणि तुमच्याकडे आल्याही, तेव्हा मेंब्रेन आणि अँटिबॉडी बघा. बँडच्या जागी पांढरा डाग आणि भोवती काळं असेल तर दुसरी अँटिबॉडी जास्त झाली, १:२०,००० पर्यंत पातळ करा.

ऊतकाच्या कापांवर वापरणार असाल तर मात्र वेगळी सावधगिरी हवी. काही निरोगी पेशीही रंगतात, उदाहरणार्थ स्वादुपिंडातल्या अल्फा पेशी. माहितीपत्रकात हे लिहिलेलं असतं, पण तिथवर कोणी वाचत नाही. पहिली अँटिबॉडी न लावलेला काप शेजारी ठेवल्याशिवाय फोटोही काढू नका.

बँडवरून किती बोलायचं?

१७चा बँड आला म्हणजे कॅस्पेज-३ कापलं गेलं, एवढंच अँटिबॉडी सांगते. पेशी मेलीच असं ती सांगत नाही. स्नायूपेशी घडताना आणि डोळ्याच्या भिंगाचे तंतू तयार होतानाही कॅस्पेज-३ मर्यादित प्रमाणात जागं होतं. काही पेशी कॅस्पेज जागं झाल्यावरही परत फिरतात. म्हणून निबंधात ‘अपॉप्टोसिस झाला’ लिहायचं असेल तर सोबत पार्पचा ८९चा बँड आणि अ‍ॅनेक्सिन-व्ही किंवा टनेल (पेशीमरण ओळखायच्या आणखी दोन चाचण्या), यांतलं एक तरी हवं. निबंधात ब्लॉटचा फोटो न छाटता पूर्ण दाखवा. अँटिबॉडीचा क्लोन, लॉट आणि आरआरआयडी क्रमांक (प्रत्येक अँटिबॉडीचा जागतिक ओळख क्रमांक) लिहा, म्हणजे नागपूरला बसलेल्या एखाद्या विद्यार्थिनीला तोच प्रयोग पुन्हा करता येईल.

आणि उलट बाजूने: पेशी डोळ्यांदेखत मरतात, पाचही कंट्रोल नीट आलेत, मीडियातल्या पेशीही गोळा केल्यात, तरी तुमच्या औषधाच्या लेनमध्ये १७ कोराच, आणि झी-व्हॅड देऊनही पेशी वाचत नाहीत. अशा वेळी अँटिबॉडीला दोष देऊ नका. ते मरण बहुधा वेगळ्या वाटेने होतंय. तीच लायसेटं १० टक्क्यांच्या जेलवर चढवा आणि नेक्रॉप्टोसिस (कॅस्पेजांशिवाय होणारं ठरवून मरण) ओळखण्यासाठी त्याची खूण असलेल्या फॉस्फो-एमएलकेएल या प्रथिनाची अँटिबॉडी लावून बघा.